मदत हवी आहे : प्रयोगशाळेतल्या काचसामानाची नेमकी नावं

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत विज्ञान शिकवतो. यंदा प्रयोगशाळेचं स्टॉक रजिस्टर माझ्या गळ्यात पडलंय. जुन्या नोंदी पाहून डोकं धरलं: ‘काचेची नळी, मोठी – 6’, ‘काचेची नळी, लहान – 9’. आता ओळखा!

चंचुपात्र (बीकर), शंकूपात्र, परीक्षानळी ही नावं पक्की आहेत. खाली तोटी अन् शून्य वरच्या टोकाला, ती 50 मिलीची ब्युरेट, हेही ठाऊक. घोळ पुढे आहे.

पिपेट, म्हणजे मोजून द्रव ओढून घ्यायची नळी, दोन तऱ्हेच्या निघाल्या. एकीच्या मधोमध फुगा, वर एकच रेघ, 25 मिली. दुसरी सरळ, अंगभर खुणा, 10 मिली. दोन्हींना नुसतं ‘पिपेट’ लिहिलं तर मागवताना दुकानदार भलतीच पाठवतो, गेल्या वर्षी तसंच झालं. मराठीत या दोघींना वेगळी नावं आहेत काय?

दुसरं, लांब मानेचा, मानेवर एकच रेघ असलेला 250 मिलीचा चंबू. याला काय लिहावं? अन् उभ्या मोजपात्राला ‘मोजपात्र’च म्हणावं की ‘मोजनळा’?

पोट्टे तर सगळ्यालाच ‘माप’ म्हणतात. घरी फवारणीचं औषध डबीच्या झाकणानं मोजतात, त्यांचं तरी काय चुकलं! पण चंचुपात्रावरच्या रेघा अंदाजापुरत्याच असतात, हे पटवायला आधी नावं वेगळी हवीत.

कोणाकडे नीट लिहिलेलं रजिस्टर असेल तर त्या पानाचा फोटो टाका ना.