तरंगतं रेस्टॉरंट: राजवाडा हवा की तराफा?

काठावरचा:
शहराच्या काठाला तरंगतं रेस्टॉरंट आलं की त्याला हमखास कसलं तरी सोंग दिलेलं असतं. हंस, मासा, महाल, नाहीतर जुनी आगबोट. याचं टोक म्हणजे हाँगकाँगच्या ॲबर्डीन बंदरातलं 'जंबो'. १९७६ साली सुरू झालेला, चिनी राजवाड्याच्या थाटाचा बहुमजली डोलारा. २०२० मध्ये बंद पडला, जून २०२२ मध्ये ओढून नेताना दक्षिण चीन समुद्रात कलंडला. माझ्या मते खाली रुंद सपाट तराफा, वर एकच मजला, हलकं छप्पर आणि बाकी काच, एवढंच असावं. काठावर फिरणाऱ्यालाही पाणी दिसलं पाहिजे.

नांगर:
साफ असहमत. जंबो बंदरात चाळीसहून जास्त वर्षं उभं होतं, ते काय नक्षीमुळे कलंडलं? शांत बंदरासाठी बांधलेली, इंजिन नसलेली वास्तू भर समुद्रात नेली, दोष तिथे शोधा. लोक तिथे जायचे ते त्या झगमगाटासाठीच. तुमचा काचेचा डबा बघायला कोण येणार? आणि काच हलकी नसते हो: १० मिमी जाडीची काच चौरस मीटरला २५ किलो भरते.

ओळंबा:
दोघंही दिसण्यावरच अडलात. खरा प्रश्न रुंदीचा आहे. लांबी तीच ठेवून तराफा दुप्पट रुंद केला, तर कलण्याला होणारा त्याचा विरोध साधारण आठपट होतो. २० बाय १० मीटरच्या, २०० टनी तराफ्यावर शंभर माणसं, म्हणजे सुमारे सात टन, आतषबाजी बघायला एका कडेला धावली तर तो माझ्या ढोबळ हिशेबाने दीडएक अंश झुकेल. बुडणार नाही, पण रस्सा ताटाच्या काठाला येईल. वजन वर चढवत गेलात की हाच कल वाढतो. म्हणून मजला एकच, याला +१. सौंदर्य वगैरे नंतर.

नांगर:
मग वजन खाली ठेवा, टाक्या तळात घाला. मजला का तोडायचा? आणि जंबोचं स्वयंपाकघर वेगळ्या तराफ्यावर होतं. धूर, आग, वजन, सगळं बाजूला. (तो तराफाही मुख्य बोट हलवण्याच्या दोनेक आठवडे आधी कलंडला, ते सोडा.)

काठावरचा:
सोडा कसं? नेमकं तेच तर म्हणतोय!

जिना_नको:
चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्याचं काय, ते कुणीच बोललं नाही. भरती-ओहोटीत पाणी तीन मीटर खालीवर होत असेल आणि काठ भरतीच्या पातळीला असेल, तर ओहोटीला १:१२ उताराने (बारा मीटरला एक मीटर खाली) तराफ्यावर उतरायला ३६ मीटरचा रॅम्प लागतो. म्हणजे रेस्टॉरंटपेक्षा रॅम्प लांब. नकाशात त्याला जागाच नसते, शेवटी एक अरुंद फळी टाकतात. त्यापेक्षा खांबांवर पक्कं बांधा. पाणी फारसं चढत-उतरत नसेल, तर तरंगायचं कशासाठी?

ओळंबा:
आणि पूर आला की खांबांवरचं काय करणार? तराफा निदान पाण्याबरोबर वर येतो. फक्त त्याला धरून ठेवणारे खांब पुराच्या पातळीहून उंच हवेत, नाहीतर तराफ्याला खांबाशी जोडणारी कडी वरून निसटून स्वारी थेट पुलाला.