शब्दचर्चा : 'जनुकीय क्रमवारी जुळली' म्हणजे नेमके काय जुळले?

शेवंती
अन्नविषबाधेवरच्या एका माहितीपत्रकाच्या मराठी मसुद्यात हे वाक्य आहे : 'रुग्णांच्या व अन्नाच्या नमुन्यांची जनुकीय क्रमवारी जुळली, त्यामुळे विषबाधा त्याच अन्नातून झाल्याचे सिद्ध झाले.' यातली 'क्रमवारी' खटकते. मूळ इंग्रजी शब्द 'सिक्वेन्सिंग'. तिच्या जागी काय लिहावे? आणि जिनोमसाठी, म्हणजे जिवाणूच्या संपूर्ण डीएनएसाठी, 'जनुक' पुरेल का?

अक्षरयात्री
'क्रमवारी' काढाच. क्रिकेट संघांची असते ती क्रमवारी, पहिला कोण आणि दुसरा कोण हे सांगणारी. इथे डीएनएमधली अक्षरे कोणत्या क्रमाने आली आहेत ते वाचायचे असते, म्हणून 'क्रमनिर्धारण'. करोनाच्या काळात तो शब्द वृत्तपत्रांत रुळलाही आहे. 'जनुकीय नकाशा' मात्र नको. नकाशात खुणांच्या जागा कळतात, मजकूर वाचायला मिळत नाही.
'जनुक' अपुरा पडतो. साल्मोनेला या जिवाणूच्या जिनोममध्ये सुमारे ४८ लाख अक्षरे असतात. त्यात जनुके आली, जनुकांमधल्या मोकळ्या जागा आल्या, शिवाय प्लास्मिड, म्हणजे डीएनएची सुटी छोटी वर्तुळे, हीही आली. 'जनुकसंच' चालेल. सरळ 'जिनोम' लिहिलेत तरी वाचक अडणार नाही.

सूक्ष्मदर्शी
माझ्या मते या वाक्यातला खरा धोका 'जुळली' आणि 'सिद्ध झाले' यांत आहे.
जर्मनीतला २०११ चा उद्रेक बघा. ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले, ५० हून अधिक दगावले. हॅम्बुर्गमध्ये स्पॅनिश काकड्यांवर घातक ई. कोलाय जिवाणू सापडला आणि काकडीवर ठपका आला. काही दिवसांतच उघड झाले की काकडीवरचा ई. कोलाय वेगळ्या वाणाचा होता, रुग्णांमधला ओ१०४:एच४ हा वाण तो नव्हताच. तोवर स्पेनच्या शेतकऱ्यांचे नुकसान होऊन गेले होते. 'ई. कोलाय सापडला' आणि 'तोच ई. कोलाय सापडला' यांत एका 'तोच'चा फरक, पण तो एवढा महाग पडला.
जूनच्या सुरुवातीलाच त्या वाणाचा जिनोम वाचून झाला आणि रोग इतका तीव्र का होता ते उलगडले. आतड्याला थरांनी चिकटणाऱ्या वाणात 'शिगा' नावाच्या घातक विषाचे जनुक शिरले होते. उगम मात्र सापडला तो कोणी काय खाल्ले आणि माल कुठून आला याचा माग काढण्यातून : मोड आणलेली मेथी, बियाणे इजिप्तहून २००९ मध्ये आयात झालेले. त्या बियाण्यातून हा जिवाणू प्रयोगशाळेत कधीच मिळाला नाही. म्हणजे एका बाजूला जिवाणू मिळूनही अन्न निर्दोष, दुसऱ्या बाजूला जिवाणू न मिळूनही अन्न दोषी. नुसत्या प्रयोगशाळेच्या निकालावरून 'सिद्ध झाले' म्हणणे दोन्हीकडे फसते.
शिवाय 'जुळणे' म्हणजे शंभर टक्के सारखे असणेही नव्हे. ब्रिटनमध्ये साल्मोनेलाच्या तपासात ५ किंवा त्याहून कमी अक्षरांचा फरक असलेले जिवाणू एका गटात धरतात. लिस्टेरिया या जिवाणूसाठी प्रचलित पद्धत १,७४८ जनुके ताडून पाहते आणि ७ जनुकांपर्यंतचा फरक एका गटात घेते. एकीकडे मोजणी अक्षरांची, दुसरीकडे जनुकांची. म्हणून नुसते 'फरक ५' असे कधीच लिहू नये, एकक हवेच. मी 'जुळले' ऐवजी 'अत्यंत निकटचे आढळले' लिहीन.

रानजाई
याच पत्रकात 'कव्हरेज'साठी, म्हणजे जिनोम किती वेळा वाचला यासाठी, 'पारायण' कसा वाटतो? '३० पारायणे झाली' हे लगेच कळते.

सूक्ष्मदर्शी
शब्द गोड आहे, पण पारायणात प्रत्येक ओवी नेमाने येते. इथे डीएनएचे तुकडे कसेही वाचले जातात : एखादी जागा ६० वेळा, एखादी २ वेळाच. ३० ही सरासरी. म्हणून 'सरासरी ३० पट वाचन'. साल्मोनेलासाठी हिशेब १४ कोटी ४० लाख अक्षरांचा होतो. प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोकांकडून २५०-२५० अक्षरे वाचली, तर सुमारे २ लाख ८८ हजार तुकडे लागतात.
'लायब्ररी'चे 'ग्रंथालय' मात्र कृपया करू नका. वाचनासाठी तयार केलेला तुकड्यांचा संच म्हणजे लायब्ररी. एका प्रचलित किटमध्ये त्यासाठी अवघा १ नॅनोग्रॅम डीएनए लागतो, तोही मोजून. प्रकाशशोषणाने मोजले तर आरएनएसुद्धा डीएनए म्हणून मोजला जातो. मग पातळ करताना खरा डीएनए कमी पडतो, किटमधले विकर (एन्झाइम) त्याचे फार बारीक तुकडे करते आणि वाचन वाया जाते. म्हणून फक्त दुहेरी धाग्याला चिकटणारा चमकता रंग वापरून मोजतात.

अक्षरयात्री
'विषबाधा'बद्दलही सांगा. पत्रकाच्या शीर्षकात तोच शब्द आहे.

सूक्ष्मदर्शी
बोलण्यात राहू द्या, पण तपासाच्या भागात 'विष' आणि 'संसर्ग' वेगळे लिहा. स्टॅफिलोकोकस हा जिवाणू अन्नातच विष सोडतो, उलट्या अर्ध्या तासापासून ८ तासांत सुरू होतात. अन्न पुन्हा उकळले तर जिवाणू मरतो, विष टिकते. मग कल्चर लावून, म्हणजे जिवाणू वाढवायचा प्रयत्न करून, काही उगवत नाही आणि वाचायला जिनोमही हाती लागत नाही. तिथे विषाचीच चाचणी करावी लागते. साल्मोनेला आधी आतड्यात वाढतो, त्याला ६ तास ते ६ दिवस लागतात. हा संसर्ग.

शेवंती
नवे वाक्य असे : 'रुग्णांच्या व अन्नाच्या नमुन्यांचे जिनोम क्रमनिर्धारण केले असता जिवाणू अत्यंत निकटचे आढळले. रुग्णांच्या जबाबांतूनही हेच अन्न समान निघाले.'

सूक्ष्मदर्शी
दुसरे वाक्य जोडलेत, फार बरे झाले. पहिल्यात 'नमुन्यांतून वेगळ्या केलेल्या जिवाणूंचे' असे हवे. अशा तपासात क्रमनिर्धारण सहसा थेट विष्ठेचे किंवा चटणीचे होत नाही, पेट्रीथाळीवरच्या एका सुट्या ठिपक्यापासून वाढवलेल्या शुद्ध जिवाणूचे होते. त्या ठिपक्यात ई. कोलाय मिसळलेला राहिला, तर ४८ लाख अक्षरांचा साल्मोनेला वाचलेले तुकडे जोडल्यावर ९०-९५ लाखांचा दिसतो आणि तो निकाल रद्द करावा लागतो.