बारसं रविवारी, आणि नाव 'कारवी' की 'कृष्णा'?

वेण्णाकाठची (सातारा)
मुलगी झाली. कंदी पेढे वाटून संपले, नणंद कानात कुर्रर करायला सांगलीहून निघायच्या बेतात आहे, आणि नावाचा पत्ता नाही. मला 'कारवी' हवंय. कासवर टोपली कारवी 7 वर्षांतून एकदा फुलते तेव्हा पठार जांभळं होऊन जातं. सासूबाई म्हणतात 'कृष्णा' ठेव. नवऱ्यानं मोबाईलवरून 300 नावं काढलीत, त्यातल्या निम्म्यांचा अर्थ 'चंद्राचा तुकडा' आणि उरलेल्यांचा 'देवाची देणगी'! माझं म्हणणं एवढंच, की आभाळातलं किंवा रानातलं नाव ठेवायचं तर ते पोरीला बोटानं दाखवता यावं.

जावळीकर
ताई, राग मानू नका, पण कारवी म्हणजे आमच्याकडं कुडाच्या काड्या. वर शेणामातीचा गिलावा. वर्गातली पोरं 'कुड' म्हणून चिडवतील. नाव हाक मारायला असतंय, पठार बघायला नाही.

वेण्णाकाठची
दादा, कुडाची कारवी उंच, ती वेगळी. टोपली कारवी बुटकी, पालथ्या टोपलीसारखं गोल झुडूप असतं.

जावळीकर
हे तुम्ही प्रत्येक मास्तरला समजावत बसणार का?

खडू_डस्टर
मास्तर इथंच आहे, निवृत्त. एका वर्गात माझ्याकडे 4 स्वाती, 3 अश्विनी आणि 2 रोहिणी होत्या. हजेरी घेताना आडनावाशिवाय गत्यंतर नव्हतं. तेव्हा आभाळातली नावं ही आजची टूम नव्हे. उलट मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात, नवव्या श्लोकात, नक्षत्र, झाड किंवा नदीचं नाव असलेली मुलगी करू नये असं चक्क लिहिलंय. आपल्याकडे ते कुणी मनावर घेतलं? गोदावरी, यमुना, चंद्रभागा, तुळसा, रोहिणी घरोघर नांदल्या. सूनबाई, खुशाल ठेवा.

आयर्विन_पुलावरून (सांगली)
कारवी ठेवा, जाई ठेवा, पण कृष्णा नको. 2019 ला इथं धोक्याची पातळी 45 फूट आणि पाणी 57 च्या वर गेलं. आमचा तळमजला आठवडाभर दिसला नाही. कपाटातला चिखल काढताना नदीच्या नावानं काय काय बोललोय ते इथं लिहिता येणार नाही. तेच नाव लाडानं कसं घ्यायचं?

हरिपूरचा_पार
माझ्या आजीचं नाव कृष्णाबाई. त्याच पुरात 3 दिवस गच्चीवर होती. पाणी उतरल्यावर पहिलं काम काय केलं, तर घाटावर जाऊन नदीची ओटी भरली. आम्ही चिडलो. म्हणाली, 'आईनं एकदा मारलं म्हणून आईचं नाव बदलतात का?' तुमचं दुःख खरं आहे, पण नावाला कशाला शिक्षा?

आयर्विन_पुलावरून
आजींना नमस्कार. पण फर्निचरचे हप्ते आजी भरत नव्हत्या.

राशीचं_अक्षर
सगळे हौसेवर बोलताय, नक्षत्र-चरण कुणीच विचारलं नाही. 27 नक्षत्रं, प्रत्येकाचे 4 चरण, अक्षर ठरलेलं असतं.

जावळीकर
हस्त नक्षत्राची अक्षरं पू, ष, ण, ठ. माझ्या पोराला 'ण' आला. सांगा बरं एक नाव! शेवटी पत्रिकेत एक आणि दाखल्यावर दुसरं. आणि ते आश्लेषाचं कोडं मला कधी सुटलं नाही. त्या नक्षत्रावर मूल झालं की शांत करायची, अन् नाव म्हणून 'आश्लेषा' हौसेनं ठेवायचं. 'मूळ' मात्र कुणी ठेवत नाही.

माणदेशी_रात्र
मला बोटानं दाखवायची अटच पटत नाही. शर्वरी म्हणजे रात्र, ती बोटानं कशी दाखवणार? दिवा मालवूनच दाखवावी लागेल. ध्रुव तर दहातले नऊजण चुकीचा दाखवतात, सगळ्यात ठळक तारा तोच असं धरून. तो खरा मध्यम तेजाचा. शिवाय अढळही नाही, पृथ्वीचा आस सुमारे 26,000 वर्षांत एक गिरकी घेतो, तसा ध्रुवाचा मान दुसऱ्या ताऱ्याकडे जातो. म्हणून काय ध्रुव ठेवायचं नाही? आमच्याकडं माणमध्ये 'पडतील स्वाती तर पिकतील मोती' म्हणतात. स्वाती नाव ठेवणाऱ्या किती जणांनी तारा पाहिला असेल? पावसाची आस होती म्हणून ठेवलं.

वेण्णाकाठची
हे मात्र लागलं. पण पाऊस तरी त्यांनी पाहिला होता ना! माझा आक्षेप यादीला आहे. त्यात 'नीहारिका'चा अर्थ 'चमकता तारा' दिलाय. नीहार म्हणजे धुकं. आमच्या पठारावर पोत्यानं मिळतं, ते कुणाला सांगायचं नाही का?

असो. नणंदेनं फोनवर तोड काढलीय. जन्मनोंदणीत नाव 12 महिन्यांच्या आत फुकट घालता येतं, तेव्हा रविवारी पाळण्यात 'कृष्णा' म्हणायचं आणि दाखल्याचं मागाहून बघायचं. सासूबाई लगेच 'हो' म्हणाल्या, त्याचाच मला संशय येतोय.

जावळीकर
यायलाच पाहिजे. माझं पाळण्यातलं नाव तात्पुरतं होतं. आज चाळिशीत बँकेतसुद्धा 'बाळू' म्हणतात.