सारखं दिसलं म्हणून सोयरं झालं? युरोपीय भाषांच्या ढकलपत्राला उत्तर

अपभ्रंश (धागाकर्ता)
ते ढकलपत्र काल पुन्हा आलं. "इंग्रजीत हॅव, जर्मनमध्ये हाबेन, लॅटिनमध्ये हाबेरे. इंग्रजी डे आणि स्पॅनिश दिआ. इंग्रजी मच आणि स्पॅनिश मुचो. एक भाषा आली की युरोप खिशात, आणि सगळ्यांचं मूळ संस्कृत!" खाली अंगठ्यांची रांग. आता गप्प बसवत नाही.

हॅव आणि हाबेन सख्खी भावंडं, कबूल. पण लॅटिन हाबेरे त्यांचं कुणीही लागत नाही. लॅटिनमध्ये जिथे 'क' तिथे इंग्रजी-जर्मनमध्ये 'ह': कोर्नू–हॉर्न, केंतुम–हंड्रेड, कानिस–हाउंड. म्हणजे हॅवचा लॅटिन भाऊ 'क'ने सुरू व्हायला हवा. तो आहेही: कापेरे, पकडणे. हाबेरेची नाती गिव्ह आणि गेबेनशी. रास्क या भाषाशास्त्रज्ञाने १८१८ मध्ये आणि ग्रिम या दुसऱ्याने १८२२ मध्ये हा 'क'–'ह'चा नियम मांडून ठेवलाय, तरी २०० वर्षांनी आपण अक्षरं जुळवत बसतो. दिआ आणि डे यांचाही काही संबंध नाही. मुचो आलं लॅटिन मुल्तुसवरून. मचचं नातं ग्रीक मेगासशी आणि आपल्या महत्-शी. संस्कृतचा अभिमान मिरवायला तीच जोडी खरी होती, आणि नेमकी तीच त्या पत्रात नाही.

फळा_खडू
नियम बरोबर असतील, पण वर्गात त्यांचा उपयोग शून्य. मी जर्मन शिकवते. पहिल्याच तासाला हाउस, फिंगर, बुटर, वासर लिहिलं की मुलांची भीड चेपते. तिकडे नोकरीला निघालेल्या नर्स मुलीला ग्रिम नकोय, शब्द हवेत. फसवे शब्द असतातच, ते वेगळे पाठ करून घेते. मूठभर अपवादांसाठी सरळ रस्ता का बंद करायचा?

नेकारकाठी
@फळा_खडू ताई, ते मूठभर अपवादच माणसाला गोत्यात आणतात. स्टुटगार्टला नवा होतो. ऐन थंडीत हीटर बंद पडला. घरमालक म्हणाला, पुढच्या आठवड्यात 'इव्हेंतुएल' माणूस पाठवतो. मी इंग्रजीवरून समजलो, शेवटी पाठवणारच. जर्मनमध्ये त्याचा अर्थ 'जमलं तर'! त्याने माणूस पाठवला नाही, वर म्हणतो मी शब्द कुठे दिला होता. रात्री जाकीट घालून झोपलोय. आणि 'गिफ्ट' म्हणजे विष, हे तरी पहिल्या तासाला सांगता का?

फळा_खडू
सांगते! आणि तेही देण्यावरूनच आलंय हेसुद्धा सांगते. जुना अर्थ 'मिटगिफ्ट'मध्ये, म्हणजे हुंड्यात, अजून टिकून आहे. स्वीडिशमध्ये तर गिफ्ट म्हणजे विष आणि विवाहितसुद्धा. तुमच्या घरमालकाचा राग माझ्यावर काढू नका.

ऋचापाठी
मूळ मुद्दा सोयीस्करपणे टाळला जातोय. आपला देव, लॅटिन देउस, ग्रीक थेओस हा योगायोग? फिलिपो सासेत्ती या इटालियन व्यापाऱ्याने सोळाव्या शतकात इथे बसून सप्त–सेत्ते, अष्ट–ओत्तो, नव–नोवे, सर्प–सेर्पे लिहून घरी कळवलं. विल्यम जोन्स हा कलकत्त्याचा इंग्रज न्यायाधीश १७८६ मध्ये तेच बोलला. गोरे मान्य करतात, आपल्याच लोकांना लाज वाटते.

अपभ्रंश
सासेत्तीची यादी पक्की आहे. बिचारा १५८८ मध्ये गोव्यातच वारला. पण जोन्स 'मूळ संस्कृत' म्हणाला नव्हता. संस्कृत, ग्रीक, लॅटिन एका समान उगमातून आल्या आणि तो उगम कदाचित आता उरलेला नाही, असं त्याचं म्हणणं. बहिणीला आई ठरवू नका. देव आणि देउस जुळतात, द्यौस् आणि झ्यूस जुळतात. थेओस मात्र वेगळ्या धातूचा. अर्थ तोच, आवाज जवळचा, तरी नातं नाही. लाजेचा विषय कुठून काढलात?

वसईकर
युरोप-युरोप काय करताय, घरात बघा. चावी, पगार, बादली, घमेलं, फीत, नाताळ, सगळं पोर्तुगीज. आमच्याकडे ते १७३९ पर्यंत होते. पावसुद्धा त्यांचाच.

तुपसाखर
पाव पोर्तुगीज? पायाने कणीक तुडवायचे म्हणून पाव! माझी आजी याच कारणाने मरेपर्यंत पावाला शिवली नाही.

वसईकर
आजीबद्दल आदर आहे, पण ही लोणकढी थाप आहे आणि आमच्या बेकरीवाल्यांनी ती पिढ्यानपिढ्या सोसली आहे. शाळेत माझ्या डब्याकडे बघून पोरं नाक मुरडायची. मराठीत पायाला पाव म्हणतं कोण? ती गंमत हिंदी 'पाँव'वरून जुळवलेली. लॅटिन पानिसवरून पोर्तुगीज पाँव, स्पॅनिश पान, फ्रेंच पॅं. संपलं.

तुपसाखर
मग पावशेरातला पाव? तोही लिस्बनहून आला का?

अपभ्रंश
तो 'पाद'वरून. पाद म्हणजे पाय आणि चौथा हिस्साही. म्हणजे पावशेराचा पाव खरोखर पायातून आला आणि खायचा पाव नाही. दोन्ही लिहायला हुबेहूब एक. माझा सगळा धागा याचसाठी होता.

तेजोकाठी
लिस्बनमध्ये राहते म्हणून लिहिते. इथल्या बेकरीत आपल्या पद्धतीने 'पाव' मागू नका. स्वर नाकातून काढला नाही तर त्याची 'काठी' होते, आणि बोलीभाषेत आणखी काही, जे इथे लिहिणार नाही. चावी इथे आज 'शाव' ऐकू येते. जुन्या पोर्तुगीजमध्ये 'च'च होता, तो आपल्याकडे राहिला. आणि स्पॅनिश येतं म्हणून पोर्तुगीज येतं म्हणणाऱ्यांनो, 'पोल्वो' स्पेनमध्ये धूळ आणि इथे ऑक्टोपस. एक लॅटिन पुल्विसवरून, दुसरा पोलिपुसवरून.

तुपसाखर
बरं, पाव पोर्तुगीज. पण पायाने मळतच नव्हते याचा पुरावा तुम्ही तरी कुठे दिलात?

वसईकर
आरोप तुम्ही करायचा आणि पुरावा आम्ही द्यायचा? लाज वाटायला हवी.

फळा_खडू
पावाचं भांडण दुसऱ्या धाग्यावर न्या. @अपभ्रंश, कोर्नू–हॉर्न फळ्यावर लिहीन, पण तिसऱ्या महिन्यात. पहिल्या तासाला हाउस आणि बुटरच.

ऋचापाठी
थेओसचं मला अजूनही पटलेलं नाही.