मदत हवी आहे : सुळा मागे सरकवताना तार ब्रॅकेटमध्ये अडकते

दात सरळ करण्याच्या उपचारात पहिला प्रीमोलर (सुळ्याच्या लगेच मागचा दात) काढल्यानंतर सुळा मागे घेण्यासाठी मी ०.०२२ इंची खाचेच्या सिरॅमिक ब्रॅकेटमध्ये (दातावर चिकटवलेल्या, तार धरणाऱ्या तुकड्यात) ०.०१९ × ०.०२५ इंची स्टेनलेस स्टीलची तार वापरत आहे. मात्र गेल्या दोन भेटींत जागा जवळजवळ कमी झालेली नाही. रबरी लिगेचरऐवजी (तार ब्रॅकेटला बांधून ठेवणाऱ्या बंधाऐवजी) स्टीलचे लिगेचर सैल बांधून पाहिले, तरी फरक पडला नाही. त्यामुळे मला साध्या घर्षणापेक्षा, दात कलल्यावर खाचेच्या कडांवर तार रुतून होणाऱ्या बाइंडिंगचा अधिक संशय येतो. बल वाढवण्याची माझी इच्छा नाही, कारण तसे केल्यास मागच्या दाढाच पुढे सरकतील. अशा वेळी आपण आधी पुन्हा लेव्हलिंग (ब्रॅकेटच्या खाचा एका पातळीत आणणे) करता, तार बदलता, की घर्षणाचा प्रश्नच टाळणारे लूप (तारेला दिलेले स्प्रिंगसारखे वळसे) वापरता? कारणांसह सांगावे, ही विनंती.