मे महिन्यातलं इलेक्ट्रिकल शिबिर : मुलांच्या हाती खरी वायर द्यावी का?

माजघर

गेल्या मे महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावी आम्ही चौघांनी मिळून आठवी-नववी झालेल्या मुलांसाठी १२ दिवसांचं शिबिर घेतलं. इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग म्हणजे नेमकं काय, याची तोंडओळख व्हावी एवढाच हेतू. मी शाळेत विज्ञान शिकवते. बाकी तिघांत एक वायरमन, एक मोटर रिवाइंडिंगवाले आणि एक इंजिनीअर. २४ मुलं होती, त्यांत ९ मुली. वेळ सकाळी ८ ते ११, कारण पुढे पत्र्याखाली बसवत नाही.

पहिले पाच दिवस सेल, चुंबक आणि एनॅमलची (वर वीजरोधक लेप असलेली) तार. प्रत्येकाने आपापली मोटर केली. सेलच्या दोन टोकांना दोन सेफ्टी पिना, मधे तारेचं वेटोळं, खाली चुंबक. तारेच्या एका टोकाचं एनॅमल पूर्ण खरवडायचं आणि दुसऱ्याचं फक्त अर्ध्या बाजूचं. निम्म्या मुलांनी दोन्ही टोकं लख्ख घासली. वेटोळं जागच्या जागी थरथरलं आणि थांबलं. दहावीच्या 'विद्युतधारेचे परिणाम' या धड्यात कम्युटेटरची (दर अर्ध्या फेरीला विजेची दिशा बदलणाऱ्या कड्याची) आकृती आहे, मी ती कित्येक वर्षं फळ्यावर काढते. पण अर्ध्या फेरीनंतर वीज तोडली नाही तर तीच वीज वेटोळ्याला मागे ओढते, हे त्या दिवशी मुलांनी बोटांनी शोधलं.

सहाव्या दिवसापासून घरातली वीज. लाकडी बोर्डावर मीटर, एमसीबी (जास्त करंट गेला की वीज तोडणारा स्विच), आरसीसीबी (वीज बाहेर गळली की पुरवठा तोडणारा स्विच), प्लग आणि वरून-खालून लागणारा जिन्याचा दिवा. जोडणी सगळी पुरवठा बंद ठेवून. वायरमनने तपासली की मगच २३० व्होल्ट चालू. शेवटी प्रत्येक गटाने घरचा एक हळू फिरणारा पंखा आणून त्याचा कंडेन्सर (पंख्याला फिरायला सुरुवात करून देणारा भाग) बदलला.

यंदा आमच्यातच दोन तट पडलेत. एका पालकांचं म्हणणं, मुलांना २३० व्होल्टच्या जवळपासही नेऊ नका. एक देणगीदार म्हणतात, वायरिंग सोडा, रोबोटिक्सची किटं घ्या. मला दोन्ही पटत नाही. आमच्या मुलांच्या घरी शेतपंपाचा स्टार्टर आहे, गल्लीच्या तोंडाशी डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) आहे. ती मुलं या विजेच्या जवळ आधीपासूनच आहेत, फक्त न समजता. तुम्हाला काय वाटतं, मोकळेपणाने लिहा.

रानजाई

मी डॉक्टर आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. माझा ठाम विरोध. हात ओले असतील तर शरीराचा रोध १००० ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. २३० व्होल्टला त्याने भागा : २३० मिलिअँपिअर. हृदयाची लय बिघडायला याहून कितीतरी कमी प्रवाह पुरतो. मे महिन्यात घामाने थबथबलेली चौदा वर्षांची २४ मुलं, आणि तपासणारा वायरमन एक. शॉक लागलेलं मूल मी कॅज्युअल्टीत पाहिलंय, हातावरचा डाग दिसायला नखाएवढा असतो. आईबाप तुमच्यावर विश्वास टाकून पाठवतात. त्या विश्वासावर प्रयोग करू नका.

खांबावरचा

लाईनमन म्हणून ३४ वर्षं काढली, आता निवृत्त. डॉक्टरताईंचा आकडा बरोबर आहे, आणि त्या सांगतात ती भीती खोटी नाही. पण ताई, आमच्या भागात मी स्वतः पाहिलेले बहुतेक अपघात काम न शिकलेल्यांचे होते. कुलरला ओल्या हाताने हात लावणं, कपडे वाळत घालायची तार सर्व्हिस वायरला (खांबावरून घरात येणाऱ्या तारेला) घासणं, चोरून वीज घ्यायला आकडा टाकणं. शिकवलं नाही म्हणून मुलं विजेपासून लांब राहत नाहीत.

माजघर यांना मात्र एक सांगणं आहे. आरसीसीबी लावला म्हणून निर्धास्त राहू नका. ३० मिलिअँपिअर गळती झाली की तो तोडतो, खरं. पण एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल आला, तर जेवढा करंट गेला तेवढाच परत आला असं त्याला दिसतं. गळतीच नाही, मग तो पडेल कशाला? हे मुलांना पहिल्या दिवशी सांगितलं होतं का?

माजघर

सांगितलं होतं, पण आठव्या दिवशी. पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं, ही चूक मान्य.

स्थिरांक

मी इंजिनीअरिंग कॉलेजात इलेक्ट्रिकल शिकवतो. माझा आक्षेप सुरक्षिततेचा नाही, नावाचा आहे. जिन्याच्या दिव्याची जोडणी आणि पंख्याचा कंडेन्सर ही वायरमनची कामं. प्रतिष्ठेची आहेत, पण ते इंजिनीअरिंग नव्हे. मशीन्स, पॉवर सिस्टिम, कंट्रोल, सिग्नल हा आमचा विषय, आणि त्याच्या मुळाशी गणित आहे. मुलांनी १२ दिवस स्क्रू पिळले आणि त्यांना वाटलं की हेच इलेक्ट्रिकल, तर पुढे पहिल्या वर्षी ती गणितापाशी अडखळतात. दरवर्षी बघतो. "सर, मला हाताने काम करायला आवडतं म्हणून ही ब्रँच घेतली," असं म्हणणारी मुलं दुसऱ्या वर्षापर्यंत खचलेली असतात.

त्यापेक्षा मुलांना हिशेब करू द्या. २००० वॅटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट. जुना पंखा साधारण ७५ वॅटचा, बीएलडीसी (वीज कमी खाणारा नवा) पंखा ३० वॅटच्या आसपास. रोज १२ तास चालला तर वर्षाला किती युनिटं वाचतात आणि जास्तीची किंमत किती दिवसांत फिटते, हे काढणं म्हणजे इंजिनीअरिंगची सुरुवात.

निळा_दिवा

स्थिरांक सरांच्या पुढे जाऊन म्हणतो, किटंच घ्या. आर्डुइनो (प्रोग्रॅम लिहून चालवायचा छोटा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) ५ व्होल्टवर चालतो, शॉकचा प्रश्नच उरत नाही. साधा बोर्ड काही शे रुपयांत मिळतो, मूल दहा चुका करतं आणि अकराव्यांदा दिवा लुकलुकतो. नीती आयोगाने अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळांना २० लाखांपर्यंत अनुदान दिलं ते याच विचाराने. तालुक्याच्या मुलांनी फक्त पंखेच दुरुस्त करायचे आणि शहरातल्यांनी सेन्सर लावायचे, हा भेद मला डाचतो. मी स्वतः खेड्यातून आलोय. मला कुणी वेळेवर असा बोर्ड हातात दिला असता, तर चार वर्षं वाचली असती.

शिरूरकर

पंखा विरुद्ध सेन्सर हा झगडाच चुकीचा वाटतो. आमच्या शिरूर तालुक्यात पाबळला डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या मूलभूत तंत्रज्ञानाच्या कार्यक्रमात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हाताने काम करतात. वेल्डिंग, शेती, अन्नप्रक्रिया आणि विजेची कामंही. हाताने काम करता करता शिकायचं, मग पुढे मूल कारागीर होवो नाहीतर शास्त्रज्ञ, हा त्यामागचा विचार. तिथे खेड्यातल्या मुलांना कमी लेखून पाना हातात दिलेला नाही. निळा_दिवा, तुमची कळकळ खरी आहे, पण पाना हातात देणं म्हणजे अपमान हे कुठून आलं?

पारिजात

मी बॉस्टनजवळ राहते. एमआयटीत २००२ साली शाळकरी मुलींसाठी वुमेन्स टेक्नॉलॉजी प्रोग्रॅम सुरू झाला, चार आठवडे तिथेच राहून. त्यात इलेक्ट्रिकल आणि कॉम्प्युटरचा विभाग होता. निवड करताना गणित-विज्ञानात गती असलेल्या, पण इंजिनीअरिंगशी फारसा संबंध न आलेल्या मुली शोधत. मला हे फार मोलाचं वाटतं. आपल्याकडे शिबिराला येतो तो आधीच घरात स्क्रू-ड्रायव्हर हाताळणारा मुलगा. तुमच्या ९ मुलींपैकी प्रत्यक्ष पक्कड किती जणींच्या हातात होती आणि वहीत आकृत्या किती जणी काढत होत्या?

माजघर

पारिजात, तुमचा प्रश्न नेमका वर्मावर लागला. पहिले तीन दिवस पक्कड मुलांकडे आणि वही मुलींकडे, हेच चाललं होतं. चौथ्या दिवशी मुलींचे वेगळे गट केले.

आणि स्थिरांक सर, त्यातल्याच एका गटाची गोष्ट. पंखा उघडून, कंडेन्सर काढून, पंखा नुसताच लावला तर काय होतं ते मुलींना बघायचं होतं. रिवाइंडिंगवाल्या काकांनी तो जमिनीवर स्टँडला बांधला, सगळ्यांना मागे उभं केलं आणि पुरवठा स्वतः दिला. पंखा नुसता गुणगुणला, फिरला नाही. काकांनी लांब वेळूने पातं ढकललं, तो फिरायला लागला. बंद करून उलट दिशेने ढकललं, तर उलटा फिरायला लागला! एक मुलगी म्हणाली, "म्हणजे त्याला फिरायचंय, पण कुठे ते ठरवता येत नाहीये." तासभर त्या वाक्यावर बोलत बसलो. हे वायरमनचं काम की इंजिनीअरिंग, तुम्हीच सांगा.

स्थिरांक

ते वाक्य मी वर्गात वापरणार आहे. सिंगल फेज (घरगुती विजेवरच्या) मोटरमध्ये एकमेकांविरुद्ध फिरणारी दोन चुंबकीय क्षेत्रं कल्पावी लागतात, ती आम्ही मशीन्सच्या पेपरात शिकवतो, आणि मुलं पाठ करतात. त्या मुलीने जे पाहिलं ते बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. ढकलपंख्यापुरता माझा आक्षेप मागे घेतो.

बोर्डावरच्या २३० व्होल्टला मात्र विरोध कायम. ट्रान्सफॉर्मर लावून पूर्ण वायरिंग २४ व्होल्टवर करा, दिवेही त्याच व्होल्टेजचे घ्या. जिन्याचा स्विच हुबेहूब तसाच चालतो. पंखा तेवढा २३० वर, आणि तोही मोठ्यांच्या हातून.

रानजाई

२४ व्होल्ट असेल तर माझी हरकत नाही. पंख्याला आहे. वेळू वापरा नाहीतर काही, एखादं पोर पुढे धावतंच. शिवाय आरसीसीबी काय करू शकत नाही हे तुम्हालाच आठव्या दिवशी आठवलं, यातच माझी काळजी आहे.

कैरीपन्हं

मुलांना मे महिन्यात आजोळी जाऊ द्या. विहिरीत पोहणंही शिक्षणच आहे.

खांबावरचा

कैरीपन्हं, ११ वाजता सुटतात की पोरं, पोहायला अख्खा दिवस आहे.

डॉक्टरताई, आमच्या खात्यातली एक सवय सांगतो. लाईनवर चढण्याआधी किटकॅट (फ्यूजची काढता येणारी पकड) काढायचा आणि स्वतःच्या खिशात ठेवायचा. खाली कुणाच्या हातात द्यायचा नाही, पेटीवर ठेवायचा नाही. तो परत फक्त चढलेला माणूसच लावणार. या सवयीमुळे मी आज हे लिहायला आहे. शिबिरातही हेच करा. जो पंख्याला हात लावणार, पुरवठ्याचा किटकॅट त्याच्याच खिशात. काढलेला कंडेन्सरही आधी डिस्चार्ज करायचा, म्हणजे त्यात साठलेली वीज काढून टाकायची, मगच हातात घ्यायचा. आठ दिवस ही सवय लावली तर पुढे ती घरातही राहील.

माजघर

ठरलं असं : बोर्ड २४ व्होल्टवर. पंखा २३० वर, पण मोठ्यांच्या हातून आणि मुलांपुढे दोरी बांधून. पहिल्या दिवशी आरसीसीबी काय करू शकत नाही ते सांगायचं. किटकॅट खिशात. रानजाई यांचं समाधान झालेलं नाही याची जाणीव आहे, म्हणून शिबिराआधी एक सकाळ येऊन जागा बघाल का, अशी त्यांना विनंती.

निळा_दिवा, शेवटचे दोन दिवस आर्डुइनोला देऊ शकतो, तुम्ही येऊन शिकवणार असाल तर. आणि कुणाकडे हळू फिरणारे जुने पंखे पडून असतील तर कळवा. गेल्या वर्षीचे सगळे आता नीट फिरतात, शिकवायला एकही उरलेला नाही.