विषाणू खरा, पण गालातला बार अधिक घातक

मुखाचा कर्करोग ‘ह्यूमन पॅपिलोमा’ विषाणूमुळेही होतो, तेव्हा सगळा दोष तंबाखूच्या माथी मारू नये, असा मुद्दा काही जण मांडतात. त्यात तथ्य आहे, पण जागेचा फरक सुटला आहे. या विषाणूचा १६ क्रमांकाचा प्रकार प्रामुख्याने टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाशी, म्हणजे घशाकडच्या भागात, कर्करोग घडवतो. आपल्याकडे मात्र गालाच्या आतल्या बाजूचे आणि हिरड्यांचे कर्करोग जास्त आढळतात आणि त्यांत विषाणूचा वाटा बराच कमी असतो.

माझ्या आत्याच्या गालात पांढरा चट्टा उठला, तो नेमका ती वर्षानुवर्षे तंबाखूचा बार धरत असे त्याच जागी. चुन्यामुळे तंबाखूतले निकोटिन मोकळे होऊन लवकर शोषले जाते, म्हणून सवय सुटत नाही. आणि तंबाखूतली नायट्रोसामाइन्स ही कर्करोग घडवणारी रसायने त्याच त्वचेला तासन् तास लागून राहतात. सुपारीचे वेगळेच, तिने गालाची त्वचा आतून ताठरते आणि पुढेपुढे तोंडात घासही नीट जात नाही. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली. तंबाखूची मशेरी मात्र अजूनही कित्येक घरांत सकाळी तव्यावर भाजली जाते आणि घरातल्या बायका तिला दात घासण्याची पूड समजतात, व्यसन नव्हे.

विषाणूवरची लस मुलामुलींना जरूर द्यावी. तंबाखूने होणारी इजा मात्र तिने टळत नाही. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा चट्टा दिसल्यास, दुखत नसला तरी, डॉक्टरांना तोंड दाखवावे.